तळ दिसेपर्यंत

शिरवणे
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

मनस्वीवन्सं यांना,

"तल दिसत नाय त्या पान्यान पाय घालाचा नाय, पोरी."

लग्न होऊन मी साताऱ्याहून या घरात आले, त्याच आठवड्यात मामंजी मला त्यांचं मिठागर दाखवायला घेऊन गेले होते. ऊन तापलेलं. मी चप्पल काढून बांधावर बसले आणि शेजारच्या गढूळ पाण्यात पाय सोडणार, तेवढ्यात ते हे म्हणाले. ओरडून नाही. नव्या सुनेशी काय बोलावं ते सुचत नव्हतं आणि अचानक बोलण्यासारखं काहीतरी सापडलं, अशा सुरात म्हणाले. वीस वर्षं होऊन गेली. तिथे आता इमारती आहेत. ते वाक्य माझ्या मनातून पुसून गेलं होतं. आज सकाळी आठवलं, कारण मामंजी स्वतःच तळ न दिसणाऱ्या पाण्यात गुडघाभर उभे होते.

फोन केला असता. पण मामंजींचा विषय काढला की तुम्ही "गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवता, आणि पुन्हा लावायचा मला धीर होत नाही. म्हणून मोऱ्याहून मासळी विकायला येते त्या पुतळाच्या हाती हे पत्र. ती म्हणाली, "दोघींकरं मोबाईल हाय आनि मना टपालवाली केलीव." तरी टोपलीत नाही, पोलक्यात ठेवून नेते म्हणाली, वास लागायला नको.

मागच्या अंगणातला पूल तुम्ही मागच्या दिवाळीत पाहिलात आणि "हे काय न्हाणीघर बांधलंय" म्हणालात. बंगला बांधताना तुमच्या धनेशदादांनी हौसेने केला. पोहत कुणीच नाही. भाऊबंदांच्या हळदीला पोरंपोरी कडेला उभं राहून फोटो काढतात, तेवढाच त्याचा उपयोग. पण पाणी मी नीट राखलं होतं. रोज पंप, आठवड्याला भिंती घासणं, क्लोरीन तपासणं, सगळं मीच करते.

या वर्षी गौरीबरोबर गणपतीचं विसर्जन त्यातच केलं. मामंजींना तलावापर्यंत चालवत नाही, आणि त्यांच्याशिवाय बाप्पाला निरोप द्यायचा नाही असं सासूबाईंचं म्हणणं. शाडूची मूर्ती. माती फिल्टरमध्ये जाऊन बसू नये म्हणून पंप बंद केला. दुसऱ्या दिवशी फुलं काढून पंप लावू म्हटलं, तर सासूबाई जिन्याखालच्या बटणापाशी येऊन उभ्या राहिल्या. "बाप्पा इरगलू दे. तवर इंजान लावाचा नाय. आनि त्या पान्यान औषिद त नायच नाय."

थांबलेलं पाणी, वर ऊन, आत हार, दुर्वा आणि गौरीचा तेरडा. शेवाळाला आणखी काय लागतं? आधी भिंतीवर बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. मग कोपरे हिरवे झाले. आता वरची पायरी तेवढी दिसते.

आणि मामंजी. तुम्हाला माहीत आहे, त्यांचं बोलणं "चा" आणि "नको" एवढ्यावर आलं होतं. निळ्या पाण्याकडे ते कधी ढुंकून बघत नसत. आज चहा घेऊन गेले तर खुर्ची रिकामी. मागे जाऊन पाहिलं. ते दुसऱ्या पायरीवर, धोतर वर खोचलेलं, हातात पूल घासायच्या ब्रशची लांब दांडी. दांडीने पुढचं पाणी मापत होते. मला बघून म्हणाले, "उधान हाय. बांध बगाया लागल."

एवढं लांब वाक्य मी कित्येक महिन्यांनी ऐकलं.

मी हात धरून वर ओढलं तर त्यांनी मला ढकललं. पायरी निसरडी आहे, वन्सं. मी एकटी असते. पुढे चार साडेचार फूट पाणी आहे आणि मला पोहता येत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "टेन्शन नको घेऊ, सगळ्यांचेच पूल हिरवे होतात." सासूबाई फक्त तुमचं ऐकतात. त्यांना एक फोन करा. हो म्हणाल्या की मी त्याच संध्याकाळी औषध टाकते.

तुमची,
राजलक्ष्मी

*

मोरा
शुक्रवार, १२ सप्टेंबर

वहिनी,

पुतळाने पत्र दिलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या लग्नाची पत्रिका. मग धक्क्यावर बोट लागलेली असताना वाचलं आणि लोकांचे चहा उतू गेले.

आधी एक. तू मला वन्सं म्हणतेस तेव्हा मी साठीची झाल्यासारखं वाटतं. तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे मी.

आता दुसरं. मी आईला फोन करणार नाही. तूही औषध टाकू नकोस.

रागावू नकोस, ऐक. बाबा "उधान हाय" म्हणाले. म्हणजे त्यांना ते पाणी वाटलं. त्या निळ्या फरशीतलं पाणी त्यांना पाणी वाटतच नव्हतं गं. त्यांनी आयुष्यात निळं पाणी बघितलंय कुठे? खाडी हिरवी, मिठागराचं पाणी हिरवं, तलाव हिरवा. तुमच्या पुलात बाप्पा गेला आणि ते पाणी ओळखीचं झालं.

मागच्या दिवाळीत मी ओवाळायला बसले तेव्हा बाबांनी मला काय विचारलं, ते तुला माहीत आहे. तू तिथेच ताट धरून होतीस. "कोनच्या गावची गं तू?" मी हसून वेळ मारून नेली आणि मग नेरूळ स्टेशनच्या बाकावर बसून राहिले. तेव्हापासून मी आले नाही. लोकांना वाटतं, दादाशी भांडण झालं. वाटू दे.

त्यांना बांध आठवतो तर मीही आठवेन. मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचं आहे. मग खुशाल औषध टाक, पाणी काढून टाक, काय वाटेल ते कर.

तोपर्यंत हिरवं राहू दे.

मनस्वी

*

शिरवणे
रविवार, १४ सप्टेंबर

वन्सं,

(मी वन्संच म्हणणार. आमच्याकडे धाकट्या नणंदेलाही नावाने हाक मारत नाहीत, आणि या वयात सवय बदलत नाही.)

तुमचं पत्र वाचून राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा आला नाही. तिसऱ्यांदा वाचायची वेळ आली नाही, कारण मामंजी मागच्या दाराची कडी काढत होते.

ठीक आहे. पाणी हिरवंच ठेवते. पण माझ्या पद्धतीने. रोज सकाळी ते उठायच्या आधी मी दोन्ही पायऱ्या आणि कठड्याखालची फरशी घासून काढते. संध्याकाळपर्यंत तिथे पुन्हा बुळबुळीत थर येतो, इतक्या वेगाने ते वाढतंय. त्यांच्या कमरेला माझी जुनी सुती साडी बांधते, तिचं दुसरं टोक कठड्याला. तिसऱ्या पायरीच्या पुढे साडी पोचत नाही. त्यांना ती गाठ नकोशी होते, सोडायला बघतात, पण सातारच्या बाईची गाठ आहे. माझे वडील गुळाची ढेप बांधायचे तशी.

पूलवाल्या दुकानात विचारून आले. त्याने मोरचूद दाखवला, निळा, काचेसारखा. आधी शेवाळ मारा, मग क्लोरीन, म्हणाला. पाण्यात माणूस उतरणार असेल तर? म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, हिरव्या पाण्यात माणूस कशाला उतरवता?" क्लोरीनचा डबा तेवढा घेऊन आले, जिन्याखाली ठेवला आहे.

आता तुम्हाला हवं आहे ते लिहिते.

काल मामंजींनी हाक मारली. "मनी." स्पष्ट. "मनी, चिखल आन. बांध फुटंल." त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. घाई होती त्यात, पण भीती नव्हती. कुणीतरी मागे उभं आहे आणि ते हातात चिखल देणारच, असा. मला काय करावं कळेना. तुमच्या वतीने "आणते" म्हणाले.

मग त्यांनी भाकरी खाल्ली. स्वतःच्या हाताने.

लवकर या. ते पाण्यात असतात तेव्हा त्यांचे पाय मला दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या पायांवर मी नजर ठेवून बसते.

राजलक्ष्मी

*

मोरा
बुधवार, १७ सप्टेंबर

वहिनी,

मनी म्हणाले. तू खरंच लिहिलंयस ना?

उधाणाला बांधाला भोक पडलं की बाबा खाली पाण्यात उभे राहायचे आणि मी वर. मी सात-आठ वर्षांची. काळ्या चिखलाचा गोळा करून त्यांच्या हातात द्यायचा, ते तो भोकात मारायचे आणि मागे न बघता हात पुढे करायचे. मागे न बघता, वहिनी. मी तिथे आहेच, हे धरून. दादाला चिखलाची घाण वाटायची. ते काम माझंच होतं.

नवरात्रात लोक मासे खात नाहीत, माझी खाणावळ थंड असते. घट बसले की येते. तोवर पाण्याला हात लावू नकोस.

आणि बाबांना साडीने बांधतेस ते मला आवडलं नाही. गुरासारखं वाटतं. मी आल्यावर नको.

तुझी,
मनी

*

शिरवणे
रविवार, २१ सप्टेंबर

वन्सं,

उद्यापासून नवरात्र. पुतळा आता दसऱ्यानंतर येईल, म्हणून हे घाईत लिहिते.

शुक्रवारी मामंजींचा पाय निसटला. मी होते, साडी होती, कठडा त्यांच्या हाताला लागला. काही झालं नाही. पण काही झालं नाही हे लिहिताना माझं अक्षर कसं झालंय बघा.

पाणी आता हाताने ढवळलं तरी बोटं दिसत नाहीत. वास सुटला आहे. सासूबाई नाकाला पदर लावून बसतात, तरी "बाप्पा हाय त्यात" एवढंच. मी ठरवलं आहे. तुम्ही येऊन गेलात की दुसऱ्या दिवशी डबा उघडणार. सासूबाई बोलल्या तर बोलू दे. बाप्पालासुद्धा या पाण्यात राहायला आवडत नसेल.

आणखी एक सांगायचं होतं. लिहायला बसले की जमत नाही. तुम्ही याल तेव्हा दिसेलच.

तुमच्या आवडीचं वालाचं बिरडं करून ठेवते.

राजलक्ष्मी

*

मोरा
रविवार, ५ ऑक्टोबर

वहिनी,

दवाखान्यातून मी कुणाला न सांगता निघाले. त्याचा राग दादाने फोनवर काढला. तू काढला नाहीस. बाबा घरी आले, छातीतलं पाणी गेलं, पेज घेतात, एवढं आईकडून कळलं.

तू लिहिलं होतंस, ते "मनी" म्हणतात. मी तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं. एक शब्द खोटा नाही. कुणाकडे बघून म्हणतात, तेवढं लिहिलं नव्हतंस.

त्या दिवशी येताना मी इथल्या खाडीचा चिखल पिशवीत भरून आणला होता. गाडीत शेजारची बाई म्हणाली, "काय मेलंय का पिशवीत?" मला हसू येत होतं. वाटभर येत होतं. तू आत बिरड्याला फोडणी घालत होतीस. मी बाबांच्या कमरेची साडी सोडली. तू दारातून "वन्सं, नको" म्हणालीस, मी ऐकलं नाही. चिखलाचा गोळा केला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला आणि असे हसले की मला वाटलं, आता.

तू हात पुसत बाहेर आलीस. ते तुझ्याकडे वळले. "मनी, लवकर आन." मग माझ्याकडे बघितलं. "आनि तू कोनाची गं?"

मी तुळशीकडे तोंड करून उभी राहिले. तुला माझं तोंड दिसू नये म्हणून. ते वाकून कठड्याखाली चिखल लिंपत होते एवढं डोळ्याच्या कडेने दिसत होतं. आवाज फार झाला नाही. वळले तर पायरीवर कुणी नाही. पाणी थोडं हललं आणि पुन्हा सपाट झालं. हिरवं. त्याच्या पोटात माझा बाप आहे, असं त्याच्याकडे बघून वाटतच नव्हतं.

तू साडीसकट उतरलीस. तुला पोहता येत नाही. मला येतं. बाबांनीच शिकवलं, खाडीत. आणि मी कडेला उभी. पाय उचलेना. तू पहिल्या पत्रात ते वाक्य लिहिलं होतंस, तेच मला ऐकू येत होतं. तुला ते एकदा सांगितलं असेल. मला रोज सांगायचे, कान धरून सांगायचे. तळ दिसत नव्हता, वहिनी. माझा पाय गेला नाही.

मी त्यांची साडी सोडली, मी चिखल दिला, मी पाठ फिरवली आणि मी उतरले नाही. आता यावर कुणी काही बोलू नका.

दादा पूल बुजवतोय म्हणे. बुजवू दे. मी आता येणार नाही, आणि बाबांना माझ्या हातात कधी देऊ नका.

मनस्वी

*

शिरवणे
बुधवार, १५ ऑक्टोबर

वन्सं,

तुम्ही सरळ लिहिलंत, मीही सरळ लिहिते.

ते पहिल्या दिवसापासून मलाच "मनी" म्हणत होते. लिहिलं नाही, कारण कळलं असतं तर तुम्ही आला नसतात. हे एक कारण. दुसरं असं, की मला ते आवडायला लागलं होतं. वीस वर्षं या घरात मी "धनेशची बायको" नाहीतर "सातारकरीण" आहे. हाक मारून कुणी चिखल मागितला नव्हता. तुमच्या नावाला ओ देताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं आणि तरी मी रोज सकाळी त्या हाकेची वाट बघायचे.

त्या दिवशी पायऱ्या घासल्या नव्हत्या. पहाटेपासून वाल सोलत होते. तुम्ही चार गोष्टी स्वतःवर घेतल्यात, त्यात ही पाचवी माझी लिहा.

आता पाण्यात काय झालं ते. ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून सांगते. मी हनुवटीपर्यंत बुडाले. श्वास धरून खाली गेले, डोळे उघडले, तर माझाच हात मला दिसेना. हात पसरून चालत होते. पायाला ब्रशची दांडी लागली, माणूस लागेना. मी चुकीच्या बाजूला चालले होते, वन्सं. भिंतीकडे. डोकं वर काढलं तेव्हा तुम्ही ओरडत होतात, "वहिनी, मागं! मागं बुडबुडे, बघ, मागं!" मी वळले आणि सदऱ्याची बाही हाताला आली. कडेवरून तुम्हीच त्यांना बखोट्याला धरून वर घेतलंत. तुमच्या पत्रात हे काही नाही. तुम्हाला आठवत नाही, की आठवून घ्यायचं नाही, ते मला माहीत नाही.

तुमचा पाय उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं, मी खोटं कशाला बोलू? पण ते वाक्य तुमच्या पायात त्यांनीच घातलं होतं, तुम्ही जगावं म्हणून. मी एकदाच ऐकलं, म्हणून विसरले.

मामंजी दवाखान्यात असतानाच सासूबाईंनी स्वतः पुलातलं पाणी एका कॅनमध्ये भरून देवाजवळ ठेवलं आणि मला म्हणाल्या, "बाप्पा ह्यान आला. आता टाक तुजा औषिद." ह्यांनी तोवर पूल बुजवायला राबिटचे, पाडकामाच्या दगडमातीचे, दोन डंपर सांगून ठेवले होते. मी म्हटलं, बुजवायचा तर दिवाळीनंतर बुजवा, त्याआधी मला त्याचा तळ बघू द्या. त्यांनी फोन लावला. डंपर परत गेले.

जाळीने सगळा तेरडा आणि हार काढले, काळे झाले होते. भिंती घासल्या, दोन दिवस खांदा वर होत नव्हता. पाणी तपासलं, पीएच वर गेला होता, तसा असला की क्लोरीन नुसतं वाया जातं. तो खाली आणायचं आम्ल सकाळी टाकलं, क्लोरीन दिवेलागणीला, दुसऱ्या बादलीत कालवून. दोन्ही एकत्र झाली तर त्या धुरानेच माणूस जातो. पंप दिवसरात्र चालू. हिरवं पाणी राखाडी झालं, मग दुधासारखं. मेलेलं शेवाळ तसंच तरंगत राहतं, म्हणून तुरटी फिरवली, तेव्हा ते खाली बसलं. ते फिल्टरमध्ये न घेता पाइपने बाहेर ओढलं. दुसऱ्या दिवशी आधी तळाची जाळी दिसली. मग तिच्याशेजारी मामंजींचा चष्मा. आम्ही घरभर शोधत होतो तो.

तळ दिसला, तेव्हा मी पाय घातला. चष्मा काढून आणला.

पाणी आता निळं आहे आणि मामंजी गप्प आहेत. पेज, "चा", "नको". मला मनी म्हणत नाहीत. पुलाकडे नजर जाते आणि भिंतीवरून सरकावी तशी पुढे जाते. एकच आहे. कठड्याखाली त्यांनी तुमचा चिखल लिंपला होता, तो वाळून तिथेच राहिला. सगळं घासलं, तेवढं मला घासवलं नाही. ते रोज सकाळी तिथे वाकतात आणि अंगठ्याने तो दाबून बघतात. टिकलाय का, असं. भेगा पडल्यात. दिवाळीनंतर डंपर येतील तेव्हा तोही जाईल, आणि मग या घरात त्यांना बघायला काही उरणार नाही.

सासूबाईंचा कॅन पुतळाकडे दिला आहे. ती म्हणाली, "आता बाप्पाला पन मीच नेव?" पण डोक्याला लावून घेतला. तो मोऱ्याच्या धक्क्यावरून समुद्रात ओता. एवढं तुम्ही कराल.

दुसरं मागते ते करणार नाही, हे धरूनच लिहिते आहे. तुम्ही आधीच लिहून ठेवलंत, माझ्या हातात देऊ नका. तरी मागते. मामंजींना मोऱ्याला न्या. मी नाही आणून सोडणार. तुम्ही या आणि न्या. तुमच्या खाणावळीच्या दारात खुर्ची ठेवा, जिथून भरतीचं पाणी दिसेल आणि पायाखाली येणार नाही. माझी सुती साडी सोबत देते. या वेळी गाठ सोडू नका. सकाळी चिखलाचा एक गोळा त्यांच्या हातात द्या. ते विचारतील, तू कोनाची गं. उद्या पुन्हा विचारतील, परवा पुन्हा. प्रत्येक वेळी सांगा. मी इथे रोज दुसऱ्याच्या नावाला ओ दिली, तुम्हाला तर आपलंच नाव सांगायचं आहे.

पुतळा शुक्रवारी तुमचं "नाही" घेऊन येईल. ते वाचून मी ठेवून देईन. तरी दिवाळीच्या आधी एकदा या, वन्सं, आणि त्यांना न्या.

राजलक्ष्मी